लाल पट्ट्याचा दगड

कुंभिवलीच्या वजनकाट्यावर मी एकवीस वर्षं बसते आहे. ट्रक येतो, काट्यावर चढतो, मी वजन वाचते, चिठ्ठी फाडते, ट्रक जातो. या कामात माणूस एक तर बहिरा होतो, नाही तर भांडकुदळ. मी भांडकुदळ झाले, हे हायवेवरचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल. टायरवाल्यांशी भांडले, शेठशी भांडले, एकदा तर काट्याखाली शिरलेल्या घोरपडीशी भांडले. ज्याच्याशी कधी मनापासून भांडता आलं नाही असा एकच माणूस, रमजान होडेकर. आणि ज्या दिवशी भांडायलाच हवं होतं त्या दिवशीही मी गप्प बसले. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

रमजानचाचा आमच्या मागच्या डोंगरातल्या दगडखाणीवर होते. खाणीतला बराचसा दगड खडी होऊन नेरळच्या टॉवरांत जातो. खडीला कोण पारखत बसतं? पण वर्षातून एखादं समुद्राचं काम निघतं, कुठे बंधारा, कुठे भिंत. त्याला टन-दोन टनाचे अखंड दगड लागतात आणि ते एकेक करून निवडावे लागतात. ते चाचांचं काम. हातात लांब दांड्याची हातोडी घ्यायची, दगडाला चार ठिकाणी ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर दगड चांगला. बद्द वाजला तर आत कुठे तरी चीर आहे, नाही तर मऊ पदर आहे. चांगल्या दगडावर चाचा लाल ऑइलपेंटचा वीतभर पट्टा ओढायचे. पट्टा नसलेला दगड ट्रकमध्ये चढत नसे. शेठ कितीही ओरडला तरी चढत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ही विद्या त्यांना शिकवली कमळ्याने. कमळ्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतला, खाणीवर पहार मारायला यायचा. त्याचा बाप वाडीत जात्यासाठी दगड निवडून द्यायचा, तोही असाच ठोकून. कमळ्या बद्द दगडाला मुका म्हणायचा. "ह्यो मुका हाय, चाचा. जाऊं दे." एवढं बोलून तो पुढच्या दगडाकडे जायचा. दिवसभरात त्याची एवढीच वाक्यं. चाचा मात्र बोलके. दुपारी डबा घेऊन माझ्या काट्याच्या सावलीत यायचे आणि गावाचं पुराण लावायचे.

"नाव होडेकर आणि जन्म काढला दगडात," मी चिडवायचे. "समुद्र सोडून एवढ्या आत कशाला आलात हो चाचा?"

"अगं ललिता, होडीला पानी लागतं. होडेकराला कुठंबी चालतं," ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांचं गाव खारदांडे, रायगडच्याच किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. अलीकडे यांचा मोहल्ला, पलीकडे कोळीवाडा, दोन्हीकडे मासेमारी, दोन्हीकडे गरिबी सारखीच. होड्या लागायला धक्का नाही. ओहोटी असली की होडी दूर थांबते आणि बायका छातीएवढ्या पाण्यात शिरून डोक्यावरून टोपल्या आणतात. खाडीच्या तोंडाशी लाट उसळते, तिथे होड्या उलटतात. चाचांची थोरली बहीण हवाबी लग्नानंतरही गावातच राहिली, नवऱ्याची, तालिबची होडी आणि तिची टोपली. एका पावसाळ्यात होडी उलटून गावातली तीन माणसं गेली, तेव्हा एकोणीस वर्षांच्या रमजानला आईने कर्जतला मामाकडे धाडून दिलं. तो तिथल्या दहिवलीतच रुळला, पुढे खाणीवर लागला. गावाला वर्षातून दोनदा जायचा आणि प्रत्येक खेपेला आपाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, टाचा बघून यायचा. खाऱ्या पाण्याने त्यांना भेगा पडलेल्या असत.

गावाला एकदा भिंत मंजूर झाली होती. लाटा अडवायला भिंत आणि भिंतीच्या आत होड्यांना धक्का. सरकारने पैसा ठेवला, कागद आला, नारळ फुटला. मग गावकरी भांडायला बसले. भिंत खाडीच्या अलीकडून काढायची की पलीकडून? चाचांचे वडील अलीकडच्यांचे पुढारी. जानेवारी बैठकांत गेला, फेब्रुवारी रुसव्याफुगव्यांत गेला. दोन्ही बाजू कबूल झाल्या तेव्हा एप्रिल उजाडला होता आणि एकतीस मार्चला निधी परत गेला होता. पुढची बत्तीस वर्षं त्या गावाकडे कोणी फिरकलं नाही. वडील म्हातारपणी पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायचे, मार्च चुकवू नका रे. पोरं त्यांची नक्कल करायची.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून त्या डिसेंबरात चाचा टेकडीवरून अक्षरशः पळत खाली आले, तेव्हा काय झालं ते मी तोंड बघूनच ओळखलं.

"खारदांड्याची भिंत आली! आन दगड आपल्या खाणीतनं जानार!"

किनाऱ्याकडे जांभा, तो समुद्रात टिकत नाही. जवळची काळ्या दगडाची खाण परवान्यात अडकलेली. म्हणून ठेकेदार एवढ्या लांब आमच्याकडे आला होता. चाचांच्या लेखी मात्र ते अल्लाने आखून दिलेलं काम होतं. त्या दिवशी त्यांनी खाणीवरच्या सगळ्यांना वडापाव दिला. कमळ्याने दोन खाल्ले आणि तिसरा भागीसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी, टॉवेलात बांधून नेला.

जानेवारी-फेब्रुवारीत चाचा जसे वागले तसे पुन्हा कधी वागले नाहीत. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चिंचेवर चढलेल्या पोरासारखा खाणीत या दगडावरून त्या दगडावर. ठोक, ऐक, पट्टा ओढ. प्रत्येक ट्रक सुटला की काट्यापर्यंत त्याच्यामागून चालत येणार. चिठ्ठीवर मी गावाचं नाव लिहिते की नाही ते वाकून बघणार. "खारदांडे. दांड्याला डबल ड नको लिवू." मी मुद्दाम चुकीचं लिहायचे आणि मग खोडायचे. तिकडून हवाबीचे फोन. दगड समुद्रात पडताना केवढा आवाज होतो, बायका कशा बघायला जमतात, कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या त्यांना कसा चहा पाजतात. लाल पट्टा दिसला की हवाबी सगळ्यांना सांगायच्या, ही माज्या भावाची खूण.

मार्चच्या वीस तारखेनंतर खाणीतला चांगला पदर संपला.

खाणीत असं होतं. काळा, घट्ट दगड निघत असतो आणि एक दिवस सुरुंगामागून वेगळाच दगड बाहेर येतो. हा काळाच होता, पण त्यात तांदळाएवढे, डाळीएवढे पांढरे ठिपके. अशा दगडाची खडी चालते. समुद्रात तो चालत नाही. खारं पाणी त्या ठिपक्यांतून आत शिरतं आणि दगड आतून सुटतो. हे मला चाचांनीच सांगितलं होतं, डबा खाता खाता. नवा पदर मोकळा करायला वरची माती काढायची, सुरुंगाची परवानगी आणायची, म्हणजे दहा-बारा दिवस. तिकडे एकतीस तारखेला भिंतीचं निम्मं काम भरलेलं दिसलं नाही तर निधी पुन्हा परत, असं ठेकेदाराच्या माणसाने येऊन सांगितलं. खरं होतं की घाबरवायला सांगितलं, मला आजही माहीत नाही. चाचांनी ते ऐकलं आणि हातोडी तशीच जमिनीवर टेकवून उभे राहिले.

त्या दिवशी काय झालं ते कमळ्याने मला नंतर सांगितलं, तेही तीन वर्षांनी. चाचांनी पहिला ठिपक्यांचा दगड ठोकला. बद्द. दुसरीकडे ठोकला. बद्द. कमळ्या म्हणाला, "ह्यो मुका हाय, चाचा." चाचांनी पेंटचा डबा उघडला आणि पट्टा ओढला.

"चाचा, मुका हाय त्यो."

"भर," चाचा म्हणाले.

कमळ्याने पहार उचलली नाही. मग चाचांनी स्वतः साखळी अडकवली आणि क्रेनवाल्याला हात केला.

सव्वीस तारखेला मी एका ट्रकची ताडपत्री बघायला खाली उतरले होते, तेव्हा मला ते दगड दिसले. लाल पट्टा आणि त्याच्या भोवती पांढरे ठिपके. चाचा नेहमीप्रमाणे ट्रकमागून आले होते.

"चाचा, हा दगड?"

"टोकाला, खालच्या थरात जानार हाय. वरून चांगला बसल."

"पण तुम्हीच तर..."

"ललिता, चिठ्ठी फाड," ते ओरडले. माझ्यावर ओरडण्याची त्यांची ती पहिली वेळ. मग आवाज उतरवून म्हणाले, "आज सव्वीस तारीख हाय गं."

चिठ्ठीवर एक रकाना असतो, मालाचा प्रकार. मी त्यात 'काळा पक्का' लिहिलं आणि फाडली. पुढचे पाच दिवस लिहीत राहिले, फाडत राहिले. मनात म्हटलं, आपलं काम वजनाचं, दगडाचं नाही. इतर वेळी ड्रायव्हरच्या तंबाखूच्या पिचकारीवरूनही मी आकाशपाताळ एक करते. तेव्हा माझं तोंड कुठे गेलं होतं कोण जाणे.

एकतीसला निम्मं काम दिसलं. निधी राहिला. नव्या पदरातला चांगला दगड एप्रिलमध्ये निघाला, तो वरच्या थरात गेला आणि मेमध्ये भिंत पुरी झाली. खारदांड्यात दोन्ही वस्त्यांनी मिळून जेवण घातलं. हवाबींनी माझ्यासाठी पिशवीभर सोडे पाठवले. मी ते वांग्यात घालून खाल्ले, चवीने खाल्ले, आणि डबा घेऊन चाचांनाही वाढले. चाचा म्हणाले, "बाबा असता तर." एवढंच म्हणाले आणि जेवत राहिले.

पावसाळाभर खाण बंद असते. कमळ्या वाडीत भातलावणीला, भागी कर्जतच्या बाजारात रानभाजी घेऊन. चाचा दहिवलीत घरी. तिकडे समुद्राने भिंतीचा पाय खालून उकरायला सुरुवात केली होती. ठिपक्यांचे दगड तीन महिन्यांत फुटले, वरचे चांगले दगड त्यांच्यावरून घसरले आणि भिंतीचं टोक बसलं. सुटलेले दगड लाटेने ढकलत ढकलत खाडीच्या तोंडाशी आणले, जिथे आधी नुसती लाट होती तिथे. ऑगस्टमध्ये मासेमारी उघडली. तिसऱ्या दिवशी परत येताना तालिबची होडी त्यातल्याच एका दगडावर आपटली. तळ फाटला. होडी आणि दगड यांच्यामध्ये तालिबचा पाय सापडला. जीव वाचला, पाय दोन ठिकाणी मोडला आणि तो पुन्हा सरळ झाला नाही. होडीच्या फळ्या लोकांनी चुलीला नेल्या.

चाचा मला हे सांगायला आले तेव्हा त्यांनी डबा आणला नव्हता.

नोव्हेंबरात सरकारकडून एक अभियंता बाई आल्या. वयाने तिशीतल्या, डोक्यावर हेल्मेट, घामाने भिजलेल्या, पण खाणीचा कोपरा न् कोपरा चढून आलेल्या. त्यांनी माझ्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या म्हणून मीही तिथे होते. बाई सरळ बोलल्या. तीन वर्षांच्या आत काम बिघडलं आणि सामान खराब होतं असं ठरलं, तर ठेकेदाराने भिंत स्वखर्चाने पुन्हा बांधायची. सामान चांगलं होतं आणि समुद्रच जास्त चढला असं ठरलं, तर ती नैसर्गिक आपत्ती, फाईल बंद. पाण्याखालचे दगड काढून तपासायची सोय त्यांच्याकडे नव्हती. जे किनाऱ्यावर सापडले ते वरच्या थरातले, चांगले निघाले होते.

"प्रत्येक दगड तुम्ही पास केलात," त्या चाचांना म्हणाल्या. "मला तुमचं एक वाक्य हवंय. दगड कसा होता?"

शेठ शेजारी उभा होता, पण चाचा त्याच्याकडे बघत नव्हते. ते हातोडीच्या दांड्याकडे बघत होते. कमळ्या स्वतःच्या पायांकडे बघत होता. मला वाटलं, आता सांगतील. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा चाचा, सांगून टाका, शेठ फार तर हाकलेल.

"दगड पक्का व्हता," चाचा म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काट्यावर पाहिला होता का?"

"मी वजन बघते," मी म्हणाले. "दगड नाही."

त्यांनी माझ्या चिठ्ठ्यांवरचं 'काळा पक्का' वाचलं, वहीत काही तरी लिहिलं आणि पाणी पिऊन गेल्या. त्या बाईंनी मला आणखी एकदा विचारलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. आता नाही सांगत.

त्यानंतर चाचा बदलले. चांगले दगडही नापास करू लागले. खणखणीत वाजणाऱ्या दगडाला सात-सात वेळा ठोकायचे आणि म्हणायचे, नको. शेवटी शेठने त्यांना खाणीवरून काढून फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायला. हातोडी त्यांनी कमळ्याला दिली. कमळ्याने ती घेतली, पण पट्टा ओढायचं काम काही केल्या घेतलं नाही. आता तिथे दुसरा कोणी तरी आहे, तो ठोकत नाही, नुसता पट्टा ओढतो.

खारदांड्याने पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं की गावाला लाभ मिळालेला आहे, आपत्तीत नुकसान झालं त्याला इलाज नाही, आता ज्या गावांना काहीच मिळालेलं नाही त्यांचा विचार आधी होईल. नियम म्हणून ते बरोबरच असेल. उरलेल्या होड्या शेजारच्या बंदरात गेल्या, जाळी विणणारे हात कंपन्यांच्या फाटकांवर गेले. हवाबींची टोपली सुटली, कारण त्यांच्यासाठी मासे आणणारी होडीच राहिली नव्हती. तीन वर्षांची मुदत एका मे महिन्यात संपली. त्या दिवशी चाचांनी फाटकावरच्या वहीत एकाही गाडीचा नंबर टिपला नाही, म्हणून शेठ त्यांना बोलला. मला तारीख माहीत होती, म्हणून मला कळलं.

या फेब्रुवारीत हवाबींच्या मुलीचं, इल्माचं लग्न झालं. चाचांनी आम्हाला धरूनच नेलं. टेंपोत पुढे चाचा आणि मी, मागे कमळ्या आणि भागी, आहेराचं पातेलं सांभाळत. लग्न चांगलं झालं. तालिब पडवीत खुर्चीवर पाय लांब करून बसले होते आणि प्रत्येक पाहुण्याला आधी खाल्लंस का म्हणून विचारत होते. संध्याकाळी कमळ्या एकटाच खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. ओहोटीला भिंतीचा बसलेला भाग उघडा पडतो.

"आपलंच हायती," तो परत येऊन म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. भागीने त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी गेले, तर हवाबी लग्नाचे कपडे धूत होत्या. ओढण्या, चादरी, तालिबचा सदरा. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

"ये ललिताबाय, बस गं. चा घेतलास?"

चाचाही मागून आले, हातात कप. हवाबींचं तोंड लगेच फुललं.

"रमजान, तुला दाखवायचंच ऱ्हायलं रं. बघ, कशावर धुतंय मी!"

धुण्याचा दगड होता. मोठ्या दगडाचा फुटलेला तुकडा, दोघांनी मिळून उचलावा एवढा, वरून सपाट. त्या सपाट बाजूवरच, कडेला, वीतभर लाल पट्टा होता, पाच पावसाळे खाल्ले तरी ओळखू येईल असा.

"मागल्या पावसाळ्यात किनाऱ्याला आला व्हता वाहून. मी जमातीच्या पोरांना सांगितलं, ह्यो माज्या घरी आना. भावाची खूण हाय." त्या माझ्याकडे वळल्या. "ठेकेदारानं वाट लावली गं भिंतीची. गावात सगली त्याला शिव्या घालतात, सायबाला घालतात. पन दगडाला कुनी बोलला, तर मी त्याचं तोंड धरतंय. माज्या भावाच्या हातचा दगड, म्हनते, ह्याला काय झालं नाय. बांधनाऱ्याला बांधता आली नाय."

चाचांनी कप खाली ठेवला. खाली बसले आणि बोटाच्या पेराने त्या दगडावर ठोकलं. फुटलेल्या जागी पांढरे ठिपके होते, काही झडून नुसती भोकं राहिली होती. आवाज मलाही ऐकू आला.

"आपा," ते म्हणाले, "ह्यो दगड खराब व्हता."

"काय म्हनतंस?"

"मुका दगड व्हता. टोकाचा खालचा सगला थर तसाच व्हता. मार्च चुकंल म्हणून मी पास केला. ज्याच्यावर तालिबभायची होडी फुटली, त्योबी माजाच."

हवाबींच्या हातातली ओढणी पाण्यात तशीच राहिली. पुढच्या पडवीतून तालिबचा आवाज येत होता, कोणाला तरी खाल्लंस का म्हणून विचारत होते.

"तुला तवाच कललं व्हतं?"

"व्हय."

"आन ती सरकारी बाय ईचाराय आली व्हती, तवा? तूच सांगितलं व्हतंस फोनवर, बाय आली व्हती म्हणून."

चाचा त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले. मी तरी बोलायला हवं होतं. मीही पाहिला होता, मीही लिहिलं होतं, एवढी दोन वाक्यं. तोंडाशी आली आणि तिथेच राहिली.

"सांगितलं असतंस तर ठेकेदारानं बांधून दिली असती ना भिंत? गावात तसंच बोलत व्हती समदी. दगड वाईट निगाला तर बांधून देतील. मीच म्हनायची, दगड वाईट नाय."

"म्हणूनच," चाचा म्हणाले. "तू गावभर सांगत फिरत व्हतीस, माज्या भावाचा दगड पक्का. मी खराब सांगितला असता तर तुजं तोंड खाली गेलं असतं, आपा."

"माज्यासाटी?"

"व्हय."

हवाबींनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी पडून आलेल्या भावाकडे बघावं तसं बघत होत्या.

"मला एकदा ईचारायचं व्हतंस रं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं, जाऊं दे माजं तोंड खाली. भिंत होऊं दे."

चाचा दगडाशेजारी तसेच बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. त्यांना रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग हवाबींनी ओढणी पिळून बाजूला ठेवली, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "ललिताबाय, जरा हात लाव गं."

आम्ही दोघींनी तो दगड उलटला. लाल पट्टा खाली मातीत गेला. वर आलेली बाजू फुटकी, खडबडीत, कपडे फाडणारी होती. हवाबींनी तिच्यावर पाणी ओतलं, तालिबचा सदरा घेतला आणि घासायला लागल्या.